शाळा सुटली, आई वावरात



जिल्हा मेळाव्यात आपण भावावर बोलतो, विजेवर, पीकविम्यावर, बोंडअळीवर बोलतो. आजचा विषय या यादीत सहसा येत नाही. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेची शेवटची घंटा वाजल्यापासून आई वावरातून घरी येईपर्यंत दोन-अडीच तास जातात. तेवढ्या वेळात पहिली ते पाचवीचे पोर कुणाच्या हवाली असते, हा तो विषय. कुणी म्हणेल, हे मास्तरांनी नाहीतर अंगणवाडीच्या बाईंनी पाहावे, शेतकऱ्यांच्या मेळाव्यात त्याचे काय काम? माझे म्हणणे सरळ आहे. हा कापसाच्या उत्पादन खर्चाचा विषय आहे. तो खर्च आज कुणाच्याच वहीत लिहिला जात नाही, आणि गावातली आठ-दहा वर्षांची पोर तो आपल्या अंगावर भरते आहे.

दव, काटा आणि घंटा

महाराष्ट्रात कापूस चाळीस लाख हेक्टरच्या आसपास आहे आणि त्यातला बहुतेक पावसाच्या पाण्यावर. पेरणी, डवरणी, फवारणी यांत थोडीफार यंत्रे आली. वेचणी मात्र अजून हातानेच होते, आणि ते हात बहुतेक बायांचे असतात. सीतादही झाली की दिवाळीच्या आगेमागे पहिला वेचा सुरू होतो, आणि दुसरा, तिसरा करत जानेवारी उजाडतो. फरदड ठेवली तर त्याहून पुढे.

कृषी महाविद्यालयात मला कापसाच्या धाग्याची लांबी, तलमपणा, बोंडाचे वजन, सगळे शिकवले. कापूस वेचायला कोण येते आणि तिची पोरे त्या वेळी कुठे असतात, हा प्रश्न एकाही परीक्षेत आला नाही. पण त्याच शास्त्रातली एक गोष्ट इथे लागू पडते. कापूस दव सुकल्यावर वेचावा. सकाळी ओला वेचला तर ओलावा वाढतो, गंजीत कापूस पिवळा पडतो, प्रत उतरते. कापूस महामंडळ ८ टक्क्यांपर्यंत ओलाव्याला पूर्ण भाव देते, त्यावर कपात करते आणि १२ टक्क्यांच्या वर माल घेतच नाही. म्हणजे वेचणीचे खरे तास दिवस वर आल्यावर सुरू होतात.

आता घड्याळ लावून पाहा. शाळा साडेचार-पाचला सुटते. डिसेंबरात विदर्भात दिवस पावणेसहाच्या सुमारास मावळतो. तोवर वेचायचे, मग ओटीतला कापूस गाठोड्यात बांधायचा, काट्यावर वजन करायचे, मग पायी नाहीतर ऑटोत दाटीवाटीने बसून गाव गाठायचे. दुसऱ्या गावाला वेचणीला गेलेल्या बाईला घरी यायला साडेसहा-सात होतात. वेचणीची मजुरी किलोवर असते. चार वाजता उठून निघाली तर तिची मजुरी बुडते. न निघाली तर पोर दारात, आणि दाराला कुलूप.

ज्वारीचेही तसेच. कणसात दाणा भरू लागला की पाखरे येतात ती सकाळी आणि दिवस कलता, म्हणजे नेमकी शाळेच्या आधी आणि शाळेनंतर. मचाणावर गोफण घेऊन पोरगेच उभे राहते. दिवाळीच्या सुट्टीचे तर विचारूच नका. वेचणीला माणूस मिळत नाही त्याच दिवसांत शाळेला टाळे असते.

२०२४ साली शिक्षण खात्याने आदेश काढला की चौथीपर्यंतची शाळा सकाळी ९ च्या आत भरवू नये, कारण लहान मुलांची झोप पुरी होत नाही. आदेशामागचा विचार चांगलाच होता. पण शाळेची वेळ ठरवताना मुलाच्या झोपेचा विचार करता येतो, तसा त्याच्या आईच्या कामाचाही करता येईल. तो अजून झालेला नाही.

सहा वर्षे झाली की मूल मोठे?

मूल सांभाळण्याचे कायदे आणि योजना या देशात नाहीत असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने तीसपेक्षा जास्त बाया कामाला असतील त्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले. अंगणवाडी १९७५ साली आली. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात तरतूद होती की कामावर पाच किंवा जास्त लहान मुले आली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी. २००६ साली नोकरी-मजुरी करणाऱ्या आयांसाठी पाळणाघर योजना आली, आणि २०२२ पासून 'पाळणा' या नावाने अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचे ठरले.

या सगळ्यांत दोन खोटी आहेत. पहिली खोट अशी की कापसापासून सूत काढणाऱ्या गिरणीतल्या बाईचे मूल कायद्याला दिसले, पण तोच कापूस वेचणाऱ्या बाईचे दिसले नाही. वावर हा काही कारखाना नव्हे आणि शेतकरी काही गिरणीमालक नव्हे. त्याच्याच्याने पाळणाघर होणार नाही हेही खरे. पण म्हणून त्या बाईची गरज कमी होत नाही.

दुसरी खोट वयाची. या साऱ्या तरतुदी सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहेत. सहा पुरी झाली की मूल शाळेत जाते, आणि शाळेत गेले की सरकारच्या लेखी ते सांभाळायचा प्रश्न मिटला. शाळेचे तास तरी किती? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणे ठरवून दिले. सरासरी काढली तर दिवसाला चार तास. मधली सुट्टी, परिपाठ, जेवण धरून सहा तास धरा. आई घराबाहेर असते नऊ-दहा तास. मधल्या तीन-चार तासांचा धनी कोण, ते कोणत्याच कायद्यात लिहिलेले नाही.

एका कायद्यात मात्र शाळेनंतरच्या वेळेचा उल्लेख आहे. बालमजुरीविरोधी कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावायचे नाही, पण धोक्याचे नसलेले घरचे काम त्याने शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत केले तर चालेल, अशी सवलत त्यात ठेवली. म्हणजे शाळा सुटल्यावर पोराने काय करावे, याचे कायद्याकडे एकच उत्तर आहे, आणि ते उत्तर काम हेच आहे.

ताईचा रोज कुणी धरला?

आता तो मधला वेळ प्रत्यक्षात कोण भरून काढते ते पाहू. बहुतेक घरांत थोरली बहीण. ती तिसरीत असेल नाहीतर पाचवीत. शाळा सुटली की अंगणवाडीतून दुपारीच घरी आलेल्या धाकट्याला ती शेजारच्या ओट्यावरून उचलते, त्याला काहीतरी खाऊ घालते, पाणी भरते, चूल पेटवते. वेचणी जोरात आली की ती शाळेतही जात नाही. हजेरीपटावर दिवाळीनंतर ज्या मुलींच्या नावापुढे गैरहजेरीचे शेरे वाढतात, त्यांच्या घरात धाकटे भावंड आहे का ते गावातल्या गुरुजींना विचारा. पुढे तिचे वाचन मागे पडते, मग गणित मागे पडते, मग ती हुशार नाही असे ठरते. सातवीनंतर शाळा दुसऱ्या गावाला असली तर तिचे नाव काढायला कुणाला फारसे वाईट वाटत नाही.

कृषी मूल्य आयोग खर्चाचा हिशेब करतो तेव्हा घरच्या माणसांच्या मजुरीचे काहीतरी मोल धरतो. ते कमी धरतो अशी आपली तक्रार आहेच. पण धाकट्याला कडेवर घेऊन बसलेल्या या पोरीचा रोज आयोग धरत नाही आणि आपणही धरत नाही. तिने घर धरले म्हणून आई वावरात थांबली, आई थांबली म्हणून कापूस दवाच्या आत घरी आला. त्या क्विंटलमध्ये तिच्या शाळेचे दिवस आहेत. भाव मागताना आपण घामाचे दाम मागतो, मग हा घामही हिशेबात आला पाहिजे.

जी मुले घरी थांबत नाहीत ती दप्तर टाकून वावराची वाट धरतात. वाटेत बिनकठड्याच्या विहिरी आहेत, धुऱ्यावर साप-विंचू आहे, डांबरी रस्त्यावर गाड्या आहेत. आणि वावरात औषध आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गुलाबी बोंडअळीसाठी फवारणी चालूच असते. डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे अति जहाल विष, पिवळा म्हणजे त्याच्या खालोखाल, हे आपण मोठ्यांनाही पुन्हा पुन्हा सांगावे लागते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती मोठी माणसे होती. पोराचे वजन कमी, कातडी नाजूक, हात सारखा तोंडात. काल फवारलेल्या पऱ्हाटीत ते अनवाणी फिरते, रिकाम्या डब्याशी खेळते. मोठ्याला मळमळ होईल तेवढ्या विषात त्याच्या जिवावर बेतू शकते.

लोक काय म्हणतात

पहिले म्हणणे, घरी म्हातारी आहे ना! काही घरांत आहे. पण ज्या घरात चार एकर कोरडवाहू आणि डोक्यावर कर्ज आहे, तिथली म्हातारीही वेचणीला जाते. जी जात नाही तिला गुडघ्याने उठवत नाही. तिने दोन पोरांच्या मागे धावावे असे आपण म्हणतो, कारण दुसरी सोय नाही.

दुसरे म्हणणे, आम्ही नाही का वेचला कापूस? काय बिघडले? वेचला, खरे आहे. आईबापाच्या कामाला पोराने हात लावावा, त्याला मातीची ओळख राहावी, याला कुणाची ना नाही. पण सुट्टीच्या दिवशी हौसेने दोन ओट्या वेचणे वेगळे आणि सोय नाही म्हणून रोज वेचायला लागणे वेगळे. आपल्यातले जे शिकून वर आले, त्यांच्या मागे संध्याकाळी अभ्यासाला बसा म्हणणारे कुणीतरी होते, हेही आठवावे.

तिसरे म्हणणे गुरुजींचे. आम्हाला आधीच खिचडी, माहिती, निवडणूक, आता पोरेही सांभाळायची का? त्यांचे बरोबर आहे. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देऊ नये असे शिक्षण हक्क कायदाच सांगतो. हे काम गुरुजींवर टाकायचे नाही. त्यांनी घंटा वाजवून घरी जावे, शाळेची किल्ली मात्र गावाकडे राहावी.

चौथे म्हणणे, शाळेचे हे कामच नव्हे. शाळेत स्वयंपाक करायचा म्हटल्यावरही असेच म्हणत होते. १५ ऑगस्ट १९९५ ला पोषण आहाराची योजना आली तेव्हा पुष्कळ ठिकाणी कोरडा तांदूळ वाटून मोकळे होत असत. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न द्या असा हुकूम केला. आज शाळेत चूल नाही असे म्हटले तर गाव उठेल. जी गोष्ट परवापर्यंत शाळेची नव्हती ती लोकांनी धरून लावली म्हणून शाळेची झाली.

असे कुठे झाले आहे का?

झाले आहे, आणि आपल्याच शेजारी. बीडकडचे लोक ऊसतोडीला जातात तेव्हा मागे राहिलेल्या मुलांसाठी गावातच, शाळेला जोडून हंगामी वसतिगृहे चालतात. सकाळ-संध्याकाळचे जेवण आणि शाळेनंतरची देखरेख हे त्यांचे काम. त्यांत खोट्या हजेरीच्या आणि उशिरा येणाऱ्या निधीच्या तक्रारीही झाल्या. त्यांतून शिकायचे ते शिकावे. पण एक गोष्ट त्यातून सिद्ध झाली. आईबाप हंगामाला बाहेर असले की मुलांची जबाबदारी शाळेला आणि सरकारला घ्यावी लागते, हे सरकारने मान्य केले आहे. ऊसतोडीवाल्यांसाठी जे पाच-सहा महिने अष्टौप्रहर मान्य केले, ते कापूस वेचणाऱ्यांसाठी साडेतीन महिने, संध्याकाळचे अडीच तास मान्य करायला काय हरकत आहे?

तामिळनाडूत करोनाने शाळा बंद पडल्या, त्यानंतर ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथल्या सरकारने 'इल्लम तेडी कल्वी' नावाची योजना सुरू केली. पहिली ते आठवीच्या मुलांना संध्याकाळी तास-दीड तास वस्तीतच जमवायचे, गावातल्याच शिकलेल्या मुली-बायांनी त्यांचा अभ्यास घ्यायचा, त्यांना महिना हजार रुपये मानधन. ती योजना अभ्यासाची होती, सांभाळण्याची नव्हे, आणि मानधन फार थोडे. पण गावोगावी अशी माणसे मिळतात आणि मुले येतात, हे तिथे दिसले. कर्नाटकाने २०२३ साली मजुरी करणाऱ्या बायांच्या लहान बाळांसाठी ४,००० ग्रामपंचायतींत 'कूसिन मने' म्हणजे बाळघरे काढायचे ठरवले. सरकार कोणत्या पक्षाचे, ते सोडा. ग्रामपंचायत हे काम हाती घेऊ शकते, एवढे त्यातून घ्या.

खर्चाचा हिशेब

सरकारी आकड्यांची वाट न पाहता आपण आपलाच हिशेब मांडू. तुमच्या गावाप्रमाणे आकडे बदलून घ्या. समजा शाळेत संध्याकाळी थांबणारी ४० मुले आहेत. ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीअखेर १०० संध्याकाळी धरा. दोन बाया, प्रत्येकीला अडीच तासांचे २०० रुपये, म्हणजे रोजचे ४०० आणि हंगामाचे ४०,०००. खाण्याला मुलामागे ६ रुपये, म्हणजे २४,०००. दिवा, सतरंजी, औषधपेटी, वह्या यांना ६,०००. एकूण ७०,०००. एका मुलाला एका संध्याकाळी साडेसतरा रुपये पडले.

समोरची बाजूही मांडा. या ४० मुलांच्या आया २५ धरा. प्रत्येकीला निर्धास्तपणे एक तास जास्त वेचता आले आणि तासाला चार किलो धरले, तर वेचणीच्या दर दिवशी एक क्विंटल कापूस दव पडायच्या आत घरात येतो. हा कापूस आभाळातून पडत नाही, तो पऱ्हाटीवर होताच. पण बोंड फुटून लोंबू लागलेला कापूस एका अवकाळी पावसाने मातीत जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. बाईची तासाची मजुरी वाढते ती वेगळी. आणि जी पोर घरी बसायची ती शाळेत दिसते, तिचा हिशेब रुपयांत मांडायचा नाही.

खायला काय द्यायचे? शाळेत दुपारी तांदूळ शिजतो. संध्याकाळी ज्वारीच्या लाह्या, गूळ-शेंगदाणे, मुरमुरे. ज्वारी गावातल्या शेतकऱ्याकडून घ्या. आपल्या वावरातले धान्य आपल्या पोरांच्या शाळेत जायला हरकत कसली?

शाळेचा पट हाही मुद्दा आहे. २०२३ साली २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूहशाळा करण्याचे प्रस्ताव शिक्षण खात्याने मागवले होते. गावातली शाळा गेली तर पोर सकाळी गाडीत बसणार आणि संध्याकाळी फाट्यावर उतरणार. तिथे त्याला कोण घेणार? ज्या शाळेत संध्याकाळपर्यंत मूल सुखरूप राहते, त्या शाळेतून आईबाप मूल सहजी काढत नाहीत.

मेळाव्यात काय ठरवायचे

या मेळाव्यात नुसता सरकारच्या नावाने ठराव करून उठू नये. आधी गावाने हात घालावा, म्हणजे मागणीला वजन येते.

पहिले काम, हंगामाआधी मोजणी. गावात सहा ते अकरा वयाची किती मुले शाळेनंतर एकटी असतात, किती मुली धाकट्यांसाठी घरी बसतात, याची यादी बायांनीच करावी. दुसरे, शाळा व्यवस्थापन समितीची बैठक. या समितीत पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या महिला असल्या पाहिजेत असा कायदा आहे. ती कागदावरच असेल तर आधी तिला जागे करा. शाळेची एक खोली, अंगण, संडास आणि पाणी संध्याकाळी सातपर्यंत उघडे राहील असा ठराव तिथे घ्या. तिसरे, ग्रामसभा. १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दोन्ही ग्रामसभा वेचणीच्या आधी येतात. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतात. ते पैसे कशावर जातात ते विचारा, आणि महिला ग्रामसभेत या कामासाठी मागा. चौथे, बाया निवडताना बचत गटातल्या, गावाला माहीत असलेल्या निवडा. मुलांची हजेरी आणि खर्च रोज शाळेच्या फळ्यावर लिहा, म्हणजे खोटा पट लावायला जागा उरणार नाही. अंधार पडल्यावर प्रत्येक मूल घरच्याच माणसाच्या हातात द्यायचे, हा नियम कुणासाठी मोडू नका.

सरकारकडे मागणी तीन कलमांची असावी. कापूस आणि रब्बी ज्वारीच्या कोरडवाहू तालुक्यांत हंगामापुरते शाळेनंतरचे पालन हे हंगामी वसतिगृहासारखेच मंजूर काम समजावे. दिवाळीच्या सुट्टीतही ते चालावे. आणि त्या बायांना महिन्याच्या महिन्याला मानधन मिळावे. आशा आणि अंगणवाडीच्या बायांना मानधनासाठी जसे मोर्चे काढावे लागतात, तशी पाळी यांच्यावर आणू नये.

मायबहिणींनो, शेवटचे दोन शब्द तुम्हाला. मेळाव्यात तुम्ही मागे बसता, पोराला मांडीवर घेऊन, आणि भाषणे संपायच्या आत उठता, कारण घरी दुसरे एकटे असते. या वेळी पहिला ठराव तुमचा असू द्या, आणि तो पुरुषांनी नव्हे, तुमच्यातल्याच एकीने उठून मांडावा. गावची यादी सोबत आणा. यादीत नावे असली की बोलायला भाषण यावे लागत नाही.